पलीकडची टीम

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. म्हणजे — खरं बोलायचं तर अर्धी सांगितली आहे. पुष्कळांना सांगितली आहे, माइक हातात घेऊन, पडद्यावर चित्रं दाखवून, आणि शेवटी टाळ्याही घेतल्या आहेत. उरलेली अर्धी मात्र दिलीपलासुद्धा माहीत नाही. दिलीप म्हणजे माझा नवरा. साड्यांच्या किमती सोडल्या तर मेधा माझ्यापासून काही लपवत नाही, अशी त्या बिचाऱ्याची समजूत आहे.

तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

आधी माझा स्वभाव सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. मी इथे परदेशात, रॅफल्स प्लेस भागातल्या एका बँकेत काम करते. मोठे व्यवहार ठरवणारे लोक वरच्या मजल्यावर बसतात. व्यवहार ठरला, की तो वेळेत आणि बिनचूक पार पाडायचा, हे आमचं खातं. कंटाळवाणं काम आहे. नीट झालं तर कुणी नाव काढत नाही, चुकलं तर सगळा मजला धावत येतो. अशा खात्याची मी मॅनेजर झाले, आणि झाले ती पुण्याहून येताना बरोबर आणलेली खोड घेऊन — की दुसऱ्या कुणाला काही धड येत नाही.

हसू नका. घरीसुद्धा हेच. दिलीपला कोथिंबीर आणायला पाठवायचं, आणि तो दुकानात पोचेपर्यंत फोन करून जुडी कशी बघायची ते सांगायचं. त्याने घड्या घातलेले टॉवेल उलगडून पुन्हा घालायचे. ओंकारचं दप्तर मी तो सेकंडरीत गेला तरी तपासायचे. "आई, ट्रस्ट मी लाह," म्हणायचा तो. इथे वाढलेली मुलं अशीच बोलतात. मी म्हणायचे, विश्वास आहे रे, फक्त एकदा बघते. हे "फक्त एकदा बघते" माझ्या तोंडात कायमचं बसलेलं.

ऑफिसात तर विचारूच नका. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक मेल बाहेर जाता कामा नये. एकदा एका मुलीने लिहिलेल्या दोन ओळींमधला स्वल्पविराम हलवायला मी तिला तिच्या जागेवरून उठवून माझ्या टेबलापाशी बोलावलं होतं. तिचा चेहरा मला आठवतो. राग नव्हता त्यात — कंटाळा होता. हळूहळू माझ्या टीममधली माणसं विचार करायचीच थांबली. का करतील? मेधा बदलणारच आहे. आणि ती थांबली, की मी मनात म्हणायचे, बघ, मी नसते तर यांचं काय झालं असतं? याला इंग्रजीत मायक्रोमॅनेजमेंट म्हणतात, तो शब्द मी नंतर शिकले. तेव्हा मी याला काळजी म्हणत होते.

या सगळ्यात अनघा आली. आली कसली, मीच आणली. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात भेटली होती. पुण्याची, हुशार, थोडी तुटक बोलणारी. नवरा संजीव इथल्या विद्यापीठात संशोधन करत होता. भाडं परवडावं म्हणून ते पार वुडलँड्सला, शेजारच्या देशात जाणाऱ्या जोहोरच्या पुलाजवळ राहायचे. सई नावाची बालवाडीतली मुलगी. मी अनघाचा अर्ज पुढे केला, ती नोकरीला लागली, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की माझा शोध आहे. ऑफिसात ती मला सगळ्यांसारखी "मेधा" म्हणायची आणि बाहेर पडलो की "ताई".

ती माझ्याहून चांगली होती. हे मला किती लवकर कळलं म्हणून सांगू — पहिल्याच महिन्यात. मी दहा वेळा बघून जे शोधायचे ते तिला एकदा बघून दिसायचं. आणि तीच एकटी होती जी मला म्हणायची, "हे मी बघितलंय." उद्धटपणे नाही. नुसतं सांगायची. तरी मी पुन्हा बघायचेच, आणि त्यात काही सापडलं नाही की मला बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटायचं. असं का व्हावं? तेव्हा मी हे स्वतःला विचारलंच नाही.

मग सार्सची साथ आली. ते दिवस तुम्हाला आठवत असतील तर जास्त सांगायला नको. शाळा काही दिवस बंद झाल्या, ट्रेनमध्ये कुणी खोकलं की डबा गप्प व्हायचा, आणि आम्ही ऑफिसात सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा तोंडात थर्मामीटर धरून बसायचो. बँकेने प्रत्येक खात्याचे दोन भाग केले. एका भागाने रॅफल्स प्लेसला बसायचं, दुसऱ्याने क्वीन्सटाउनजवळ, ॲलेक्झांड्राच्या बाजूला, एका राखीव ऑफिसात. नियम एकच होता, पण कडक — या दोन टीमनी एकमेकांना भेटायचं नाही. ऑफिसात नाही, जेवायला नाही, रस्त्यातसुद्धा नाही. एका बाजूला कुणी आजारी पडलं, तर ती सगळी बाजू घरी जाणार आणि दुसरी बाजू काम चालू ठेवणार. साधी गोष्ट. लहान मुलालाही कळेल.

पलीकडच्या टीमची जबाबदारी अनघाकडे दिली. मी नाही, आमच्या लिमसाहेबांनी दिली. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

पहिले दोन दिवस मी फोन केले. किती केले ते विचारू नका. ती प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर द्यायची, हो झालं, हो गेलं, हो मी बघितलं. पण मला कागद दिसत नव्हते. माणसांच्या पाठीमागे उभं राहून पडद्याकडे बघता येत नव्हतं. माझा जीव नुसता टांगणीला. काम चुकेल म्हणून? मला तेव्हा तसंच वाटत होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही राहायचोच क्वीन्सटाउनला. जुन्या सरकारी इमारतीतला फ्लॅट, खाली खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर, आणि तिथून चालत थोड्या अंतरावर ते राखीव ऑफिस. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात सांगितलं की दुपारी घरी जाऊन येते, ओंकारची शाळा बंद आहे, एकटा आहे. कुणाला शंका येणार? एमआरटीच्या ट्रेनने क्वीन्सटाउनला उतरले, हॉकर सेंटरमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि अनघाला फोन केला. म्हटलं, आमच्या घराखालच्या हॉकर सेंटरला ये, दिवसभरातलं सगळं घेऊन ये, फक्त एकदा बघते.

ती म्हणाली, "ताई, नको. भेटायचं नाही असा नियम आहे."

मी म्हटलं, नियम मला शिकवू नकोस. मी मॅनेजर आहे.

आली. काय करेल बिचारी? पंख्याखाली, लोकांच्या नूडल्सच्या वाफेत, तिने कागद माझ्यासमोर ठेवले आणि माझ्याकडे न बघता बसून राहिली. मी एकेक कागद उलटला. सगळं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज सगळं बरोबरच असायचं. आणि मी रोज कुठेतरी एखादा शब्द बदलायचे, म्हणजे आल्यासारखं काहीतरी झालं असं वाटावं. तिच्याकडे एक छोटी बाटली असायची हात धुवायच्या औषधाची. उठताना ती हात पुसायची, आणि मला त्याचाही राग यायचा.

याच सुमारास संजीवची फेलोशिप संपली. नवीन काही मिळेपर्यंत तो आणि सई दोघंही अनघाच्या पासवर, म्हणजे तिच्या नोकरीच्या परवान्यावर, इथे राहत होते. तिची नोकरी आहे तोवर तिघं इथे, नाही तर तिघांनाही जावं लागणार. हे तिनेच मला त्या टेबलावर सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही, बोलता बोलता. म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा. मला सगळं माहीत होतं.

आणि एका सकाळी मला ताप भरला.

दिलीपने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, साधा ताप दिसतोय, पण दिवस असे आहेत, घरीच राहा, आम्ही लक्ष ठेवू. बँकेने ताबडतोब रॅफल्स प्लेसची माझी सगळी टीम घरी पाठवली. एचआरच्या बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, गेल्या काही दिवसांत पलीकडच्या कुणाला भेटलात का? एवढाच प्रश्न होता.

मी म्हटलं, नाही.

तुम्ही म्हणाल, हीच ती गोष्ट. नाही हो. ही वाईट आहेच — पलीकडे माणसं होती, त्यांच्या घरी म्हातारे आईवडील होते, वुडलँड्सला एक बालवाडीतली पोर होती, आणि माझ्या अंगात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. तरी मी नाही म्हटलं. पण भीतीपोटी माणूस खोटं बोलतो, हे तुम्ही समजू शकाल. पुढचं समजू नका.

तासाभरात अनघाचा फोन आला. तिने आधी तब्येत विचारली. मग म्हणाली, "आपण भेटत होतो ते सांगितलंत ना तुम्ही? मी टीमला घरी पाठवते."

मी तिला सांगितलं की ताप साधा आहे, डॉक्टर म्हणालेत, उगाच बोभाटा करू नकोस. तुझ्या पासचा विचार कर, असंही म्हटलं. हो, म्हटलं मी ते. ती मग म्हणाली, ठीक आहे ताई.

मग दोन दिवस मी गादीवर पडून फोनकडे बघत होते. सगळं काम आता एकट्या अनघाच्या टीमवर आलेलं, माझ्या वाटणीचंसुद्धा. मी वाट बघत होते की आता फोन येईल — मेधा, हे कसं करायचं? मेधा, हे अडलंय. मी उशाला वही-पेन घेऊन ठेवलं होतं, उत्तरं द्यायला. ताप उतरला. फोन आला नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. दिलीप सूप घेऊन आला आणि म्हणाला, बघ, तुझ्याशिवाय चाललंय, जरा झोप आता. चांगल्या मनाने म्हणाला. मला त्याच्या अंगावर वाटी फेकावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. लिमसाहेब होते. ते कधी कुणाची स्तुती न करणारे गृहस्थ. त्यांनी सुरुवातच अशी केली की तुमच्या अनघाने कमाल केली, एवढं काम आणि एक चूक नाही, आम्हाला तुम्हाला त्रास द्यावाच लागला नाही. मग म्हणाले, पण आज सकाळी तिने येऊन एक सांगितलं. तुम्ही रोज दुपारी तिला भेटायला यायचात म्हणे. तिच्या टीममध्ये एकाची आई आजारी असते, त्यामुळे तिला आता गप्प राहवत नाही, असं म्हणाली. आम्ही तिच्या टीमलाही घरी पाठवतोय. दोन्ही बाजू बंद. हे खरं आहे का?

आता बघा. ताप उतरला होता. कुणाला काही झालं नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? बोलणी बसली असती. बढती अडली असती. आमच्याकडे तेव्हा कायमचं राहायचं परमिट होतं, मला कुणी देशाबाहेर काढणार नव्हतं. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं. डोकं अगदी लख्ख चालत होतं.

आणि माझ्या कानात तेच घुमत होतं — त्रास द्यावाच लागला नाही.

मी म्हटलं, भेटलो हे खरं आहे. पण मी आपणहून गेले नाही. तिने बोलावलं. तिला एकटीला ते काम झेपत नव्हतं, रोज फोन करून रडकुंडीला यायची. माझं घर जवळ आहे, मला दया आली.

दया. हा शब्द मी वापरला. कुणी मला सुचवला नव्हता.

लिमसाहेब म्हणाले, पण ती तर वेगळं सांगते. मी हसले. फोनवर, हलकंसं, समजूतदार माणूस हसतो तसं. म्हटलं, नवी आहे, घाबरली असेल.

झालं. एवढंच. तुम्हाला वाटलं असेल, काहीतरी मोठं असेल. नाही. दोन-तीन वाक्यं होती, आणि मग मी पांघरूण ओढून झोपले. त्या दिवशी मला छान झोप लागली, हेही सांगून टाकते.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी जुनी, ती नवी. शिवाय मी प्रत्येक कागद तपासते हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं, तेव्हा माझ्या माणसांना माझ्यावाचून जमत नाही, यात नवल ते काय? मी वर्षानुवर्षं तेच तर सगळ्यांना दाखवत आले होते. आणि ती दोन दिवस गप्प राहिली होती — माझ्याच सांगण्यावरून — तो तिचा गुन्हा ठरला. मला म्हणाले, अशा साथीच्या दिवसांत गोष्टी लपवणारी माणसं ठेवता येत नाहीत. मी म्हटलं, समजू शकते. तिचा पास रद्द झाला. संजीवला कुठे काही मिळालं नव्हतं.

मंडळात बातमी एवढीच गेली की अनघाचं काँट्रॅक्ट संपलं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही? मी कितीदा विचार केला. मला वाचवायला नक्कीच नाही. मला वाटतं, पुन्हा कुणीतरी हसून "घाबरली असेल" म्हणेल, ते तिला नको होतं.

निघायच्या आधीच्या रविवारी बायका तिच्या वुडलँड्सच्या घरी जमल्या. मला जावंच लागलं. न जाऊन कसं चालेल, तिला मीच आणलेली ना? खोल्या रिकाम्या, भिंतीला खोकी लावलेली. सई एका खोक्यात बसून दुसऱ्या मुलीला म्हणत होती की आम्ही आता पुण्याला राहणार, तिथे लिफ्ट नाही. मग कुणीतरी म्हणालं, अनघाची ओटी भरूया, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वयाने मीच मोठी होते.

मी तिला हळदकुंकू लावलं. तिने ओढणी पसरून पुढे धरली. मी तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. रीतीप्रमाणे ती वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. मीही रीतीप्रमाणे म्हणून गेले, सुखी राहा. ती उठली, ओटी सांभाळत माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात विचारलं, "ताई, ताप परत नाही ना आला?"

मी म्हटलं, नाही.

तिच्या प्रश्नात टोमणा होता का? असता तर बरं झालं असतं. मी तिचा चेहरा पुन्हा पुन्हा आठवून बघते, आणि मला तो सापडत नाही.

पुढे दोनेक वर्षांनी एचआरने नव्या मॅनेजरांसाठी वर्ग सुरू केले. काम सोपवायला शिका, माणसांवर विश्वास ठेवा, असा विषय. बोलायला कुणाला बोलावलं? मला. कारण सार्सच्या वेळी मी घरी असताना माझ्या टीमने सगळं सांभाळलं, हे लिमसाहेबांच्या लक्षात राहिलं होतं. अनघा विसरली गेली होती, तिचे ते दोन दिवस मात्र माझ्या नावावर जमा झाले होते. मी गेले. सांगितलं की मी फार बारीक लक्ष घालणारी बाई होते, मग आजारी पडले, आणि पलीकडच्या टीमने माझ्याशिवाय, एक फोन न करता, एक चूक न करता काम केलं. त्यातून मी विश्वास ठेवायला शिकले. यातलं एक वाक्य खोटं नाही. दर वर्षी सांगते. आणि एक विचित्र गोष्ट म्हणजे, वर्गात सांगते ते मी खरोखर पाळते. आता कुणाच्या पाठीमागे उभी राहत नाही. स्वल्पविराम जिथे असतील तिथे राहू देते. माझ्या हाताखालची माणसं खूश आहेत. ते सगळं तिच्या जिवावर शिकले.

गेल्या वर्गात मागच्या रांगेतून एका नव्या मॅनेजरने हात वर केला. तिने विचारलं, पलीकडची टीम जी सांभाळत होती, तिचं पुढे काय झालं? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ती भारतात परत गेली, घरच्या कारणाने. ती मुलगी म्हणाली, तुम्ही तिच्यावर एवढा विश्वास टाकलात, तिला किती बरं वाटलं असेल. मग टाळ्या झाल्या, आणि मी मान लववली.

अनघाने मला कधीच बोलावलं नव्हतं. तिला सगळं जमत होतं. मी जात होते.